पाच अँपियरमधलं बगदाद

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी,

गेले दोन-तीन आठवडे एक जुनाच उद्योग पुन्हा काढलाय. २००३ ते २००७ या काळात बगदादमध्ये बसून जी मंडळी नेटवर आपलं रोजचं लिहीत होती, त्यांच्या नोंदी तारखेनुसार वाचत चाललोय. तेव्हा मी नववीत होतो. २० मार्च २००३ ला पहाटे बगदादवर अमेरिकेचे बॉम्ब पडायला लागले आणि त्याच दिवशी डर्बनला आपली केनियाबरोबर वर्ल्डकपची सेमीफायनल होती. आमच्या घरी कुठलं चॅनल लागलं असेल ते सांगायला नको. तीनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, फिरदौस चौकातला सद्दामचा पुतळा पडला. शेजारच्या काकांनी "संपलं एकदाचं" असं जाहीर केलं आणि आम्हालाही ते पटलं.

तिथल्या लोकांचं तेव्हा कुठे सुरू होत होतं.

सुरुवात अर्थातच सलाम पॅक्सपासून केली. नाव टोपण. अरबीत सलाम म्हणजे शांती आणि लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजेही शांती. पेशाने आर्किटेक्ट. राईद नावाचा मित्र शिकायला जॉर्डनला गेला होता आणि मेलना उत्तर द्यायचा कंटाळा करायचा, म्हणून याने २००२ मध्ये 'राईद कुठे आहे?' असं नाव देऊन लिहायला घेतलं. सद्दामच्या राज्यात हे असलं लिहिणं म्हणजे मान सुळावर. तरी पठ्ठ्या सद्दामलाही सोडत नव्हता आणि बुशलाही.

युद्ध तोंडावर आलं तेव्हा बगदादमध्ये लोक अंगणात विहिरी खणून घेत होते. बॉम्ब पडले की वीज जाणार, वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडे, हे १९९१ च्या आखाती युद्धात शिकलेलं गणित. खिडक्यांना चिकटपट्टीच्या फुल्या. सरकारने काही महिन्यांचं रेशन आगाऊ वाटून टाकलेलं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, डाळी, साबण. सद्दामने कुवेत घेतल्यावर १९९० मध्ये निर्बंध लागले, तेव्हापासून बहुतेक घरं या कार्डावरच होती. तेरा वर्षं रेशनच्या रांगेत उभं राहिलेला माणूस 'आम्ही तुम्हाला स्वातंत्र्य द्यायला येतोय' हे कुठल्या कानाने ऐकत असेल, हा विचार मला तेव्हा कधी शिवला नव्हता.

बॉम्बफेक सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांतच त्याचं नेट गेलं. मग तो नोंदी नुसत्या लिहून ठेवत गेला आणि मे महिन्यात त्या एकदम बाहेर आल्या. तोवर जगभर वाद चालू होता की हा माणूस खरा आहे का, का सीआयएचा, का मुखाबरातचा, म्हणजे सद्दामच्या हेरखात्याचा. पुढे पीटर मास नावाच्या अमेरिकन पत्रकाराने सलामचं लिखाण वाचलं. त्यात अमेरिकन सैनिकांना चोवीस पिझ्झे पोचवल्याची एक नोंद होती. वाचताना त्याच्या लक्षात आलं की ते पिझ्झे आपणच पोचवले होते, आणि सोबत होता आपला दुभाष्या! जगभर ज्याचा शोध चालला होता, तो माणूस इतके दिवस याच्याच गाडीत शेजारी बसत होता.

बाकी मंडळींवर प्रतिसादांत लिहितोच. एक प्रश्न मात्र आत्ताच विचारून ठेवतो. या सगळ्यांच्या लिखाणात राजकारणापेक्षा जास्त वेळा येते ती वीज. सरकारी वीज म्हणजे 'वतनिया', राष्ट्रीय. ती येते-जाते, २००३-०४ मध्ये तीन तास आहे, तीन तास नाही, पुढे तर दिवसाला दोन तासांवर आली. म्हणून गल्लीत एक मोठा जनरेटर, त्याच्यावरून घराघरात ओढलेल्या वायरी, आणि महिन्याला अँपियरवर पैसे. कोणी पाच घेतो, कोणी दहा. तर पाच अँपियरमध्ये घरात नक्की काय काय चालतं? कोणी जाणकार आहे का?

चिंगी_सातारकर

वाचनखूण साठवली. पण दादा, रिव्हरबेंड राहिली की! मला या सगळ्यांत तीच जवळची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑगस्ट २००३ मध्ये लिहायला लागली, वय चोवीस, कॉम्प्युटर प्रोग्रामर, खरं नाव आजतागायत कोणाला ठाऊक नाही. घरात सुन्नी-शिया दोन्ही. भावाचा उल्लेख नुसता 'ई'. युद्धानंतर ती आपल्या जुन्या ऑफिसात जाते तो प्रसंग वाचा. एकटी जाऊ शकत नाही म्हणून भाऊ आणि एक चुलतभाऊ सोबत. ऑफिस लुटलेलं. आणि तिथे तिला सांगितलं जातं की बायकांनी आता येऊ नये, त्यांच्या जिवाची हमी कोणी देऊ शकत नाही. बंदी नाही, कायदा नाही, काळजीच्या सुरात काढून टाकलं. जी मुलगी एप्रिलच्या आधी रोज कामावर जात होती, ती ऑगस्टमध्ये घरात बसून लिहिते आहे. तिला लेखिका बनवलं ते त्या बेकारीने, असं मला नेहमी वाटतं.

आणि तिची जीभ! अमेरिकेने इराकवर बसवलेला प्रशासक ब्रेमर, त्याने जुलै २००३ मध्ये पंचवीस जणांची शासन परिषद नेमली. अध्यक्ष कोण व्हायचं यावर एकमत होईना, म्हणून नऊ जण आळीपाळीने, महिन्याला एक. तिने त्यांची जी सालं काढलीत ती मुळातून वाचा. परिषदेचं पहिलं काम काय, तर सुट्ट्यांचा निर्णय! सद्दामच्या सुट्ट्या रद्द, ९ एप्रिलची नवी सुट्टी. बगदाद पडलं तो दिवस बगदादकरांनी साजरा करायचा.

शंकासूर

धागा चांगला आहे, पण थोडं पाणी ओततो.

हे सगळे इंग्रजीत लिहिणारे, बगदादच्या बऱ्या वस्तीतले, घरी कॉम्प्युटर असलेले लोक. इराकमध्ये नेट आलं तेच २००० च्या आसपास, तेही सरकारी केंद्रांतून आणि गाळून. मग 'इराकी माणूस काय म्हणतो' हे या पाच-दहा जणांवरून ठरवायचं?

विजेचंच घ्या. सद्दामच्या काळात बगदादला वीज भरपूर होती, कारण बाकी प्रांतांची तोडून राजधानीला दिली जायची. दक्षिणेतला बसरा उन्हाळ्यात उकडून निघायचा. युद्धानंतर वाटप जरा समान झालं, तेव्हा बगदादची कमी झाली. बगदादच्या मुलीला ते 'आधी वीज होती, आता नाही' असं दिसणार. बसऱ्याचा मासेवाला लिहीत असता तर वेगळं लिहिलं असतं. पण तो लिहीत नव्हता.

अवांतर: आपल्या संसदेने एप्रिल २००३ मध्ये ठराव केला तेव्हा हिंदीत 'निंदा' शब्द वापरला आणि इंग्रजीत त्याहून मवाळ. इराक्यांना कुठला कळला असेल देव जाणे.

मुक्कामपोस्ट

@शंकासूर, मुद्दा मान्य. बसऱ्याचं मी लक्षातच घेतलं नव्हतं.

पण 'पाच-दहा जण' असले तरी ते एका सुरात बोलत नाहीत, हीच तर गंमत आहे. 'इराक द मॉडेल' नावाने लिहिणारे भाऊ घ्या. त्यांच्या मते सद्दाम गेला हेच सगळ्यात मोठं, बाकी होईल हळूहळू. त्यांच्यातले दोघे डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेला जाऊन बुशला भेटून आले. ३० जानेवारी २००५ ला निवडणूक झाली, बोटाला जांभळी शाई लागली, तेव्हाचं त्यांचं लिखाण वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात रिव्हरबेंडकडे जावं तर तिथे नळाला पाणी नाही म्हणून बादल्या-पातेली भरून ठेवण्याचं पुराण. शहर एक, महिना एक.

आता दोघांत खरं कोण? आधी मी पार्टी घेऊन वाचायचो. आता वाटतं की मतं बाजूला ठेवून त्यांची बादली किती भरली एवढंच बघावं. मत कोणी उसनं घेऊ शकतो, बादली नाही घेता येत.

आणि मत बदलतं कसं तेही दिसतं. 'हीलिंग इराक'वाला झियाद, दातांचा डॉक्टर. सुरुवातीला अमेरिकनांकडून बऱ्याच आशा. डिसेंबर २००३ मध्ये बगदादमध्ये दहशतवादाविरुद्ध मोर्चा निघाला तर हा कॅमेरा घेऊन हजर. मग जानेवारी २००४. त्याचा चुलतभाऊ आणि आणखी एक जण समारा शहराजवळ संचारबंदीच्या वेळी अमेरिकन सैनिकांच्या तावडीत सापडले. बंदुकीच्या धाकाने दोघांना तैग्रिस नदीत उतरवलं. एक पोहून वाचला, चुलतभाऊ बुडाला. लष्कराने आधी हात झटकले. झियाद लिहीत राहिला, गवगवा झाला, चौकशी झाली. कोर्टात मनुष्यवध टिकला नाही. एकाला सहा महिने, अधिकाऱ्याला पंचेचाळीस दिवस.

त्या नोंदींमध्ये शिव्या नाहीत. नदीचं पाणी त्या महिन्यात किती थंड असतं, हे आहे.

कुवेतरिटर्न

मी त्या वेळी कुवेतला होतो. एका गोदामात स्टोअरकीपर. कंपनीचं नाव घेत नाही, पेन्शन नाही पण शांतता आहे.

२००३ च्या मार्चमध्ये इराककडून कुवेतवर क्षेपणास्त्रं येत होती. भोंगा वाजला की खोलीत सहाही जणांनी दाराखालच्या फटीत ओलं टॉवेल कोंबायचं, कारण गॅसची भीती. आमच्या खोलीत मास्क दोन आणि माणसं सहा. मास्क कोणी घालायचे यावर एकदा चिठ्ठ्या टाकल्या आणि मग कोणीच घातले नाहीत. महिनाअखेरीस शर्क बाजाराच्या मॉलजवळ एक पडलं त्या रात्रीचा आवाज अजून कानात आहे. घरी फोन केला तर बायको म्हणाली, फायनल हरल्यापासून मुलगा जेवत नाहीये.

पुढे माल इराकमध्ये जायला लागला. कॅम्पात अन्न, पाणी, टॉयलेट पेपर, सगळं ट्रकने कुवेतहून. ड्रायव्हर आपले, नेपाळचे, पाकिस्तानचे, इजिप्तचे. सीमेपलीकडे जाणाऱ्याला जादा पैसे. आमच्या मेसमधला एक पंजाबी पोरगा तीन खेपा करून आला आणि त्यानंतर जेवताना पाठ नेहमी भिंतीला लावून बसायचा. २००४ च्या जुलैत तीन भारतीय ड्रायव्हर पळवले, सप्टेंबरच्या सुरुवातीला सुटले. त्याच ऑगस्टअखेर बारा नेपाळ्यांना मारलं. त्याच वर्षी आपल्या सरकारने इराकला जायला बंदी घातली. तरी जाणारे जात होतेच, कर्ज कुणाला चुकलंय.

तुम्ही म्हणता तो बसऱ्याचा मासेवाला लिहीत नव्हता. खरं आहे. आमच्यातलंही कोणी लिहीत नव्हतं.

शंकासूर

काका, तुम्ही वेगळा धागाच काढा यावर. मनापासून सांगतो.

गंगाधरसुत

+१, काका लिहाच.

आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात 'मेसपोट'ला, म्हणजे मेसोपोटेमियाला, आताच्या इराकला, गेले ते गेलेच. घरात एवढंच माहीत होतं. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की कूतच्या वेढ्यात अडकलेली ती सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी त्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते खायचं नाकारलं आणि उपाशी राहिले. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत.

कूत बगदादच्या खाली, तैग्रिसच्याच काठाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सेनापती बगदादमध्ये शिरला आणि त्याने जाहीरनामा काढला की आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलोय. १९१७ साली! रिव्हरबेंडच्या आजीने हे आपल्या आजीकडून ऐकलेलं असणार.

आंबोशी

मी फक्त खाण्याच्या धाग्यांवर असते, इथे चुकून आले आणि तीन तास गेले.

रिव्हरबेंडने पाककृतींचं वेगळं पान चालवलं होतं हे कोणी लिहिलं नाही अजून! नाव होतं 'काही करपतंय का?' मूळ वहीचं नाव 'बगदाद जळतंय', आणि स्वयंपाकाच्या पानाचं हे. इतकी कडू विनोदबुद्धी.

आणि आणखी एक. इराकी लोक समून नावाचा होडीसारखा पाव खातात, त्यात अंडं किंवा फलाफल, आणि वर पिवळंजर्द आंबट लोणचं. त्याचं नाव काय? 'अंबा'. आपलाच आंबा! बगदादी ज्यू व्यापारी मुंबईत आले, त्यांच्यामार्फत कैरीचं लोणचं तिकडे गेलं आणि नावही तसंच गेलं. (डेव्हिड ससून मूळचे बगदादचेच, मुंबईत आले १८३२ साली. पुण्याचं ससून आणि कुलाब्याची ससून गोदी त्यांच्याच घराण्याची.) जहाजाचं चित्र असलेल्या बाटलीतला भारतीय अंबा इराकमध्ये इतका प्रसिद्ध आहे की परदेशात गेलेले इराकी तीच बाटली शोधत फिरतात.

कृती हवी असल्यास सांगा. मोहरी कमी, मेथी जास्त.

चिंगी_सातारकर

कृती हवीच.

मघाशी राहिलं ते लिहिते. तो पुलाचा किस्सा. तिचा एक चुलतभाऊ इंजिनियर. त्याच्या कंपनीला नव्या दियाला पुलाच्या दुरुस्तीचा अंदाज काढायला सांगितला, त्याने काढला तीन लाख डॉलर. काम अमेरिकन कंपनीला गेलं, तिच्या म्हणण्यानुसार सुमारे पाच कोटी डॉलरला. राग पैशांचा तर आहेच, पण त्यापेक्षा जास्त अपमानाचा. १९९१ ला हेच पूल, हीच वीजकेंद्रं उद्ध्वस्त झाली होती आणि निर्बंध असताना इराकी इंजिनियरांनी जोडजाड करून काही महिन्यांत उभी केली होती. आता त्यांनाच बाहेर बसवलं. मे २००३ मध्ये ब्रेमरने सैन्यही एका सहीत बरखास्त केलं. काही लाख माणसं घरी, बंदुकीसकट.

फेब्रुवारी २००६ ला समाराची शियांची पवित्र मशीद उडवली, त्यानंतरच्या नोंदी वाचवत नाहीत. नावावरून माणसं मारली जायला लागली. उमर (म्हणजे सुन्नी) नाव असेल तर एका नाक्यावर मेला, अली (म्हणजे शिया) असेल तर दुसऱ्या. लोक खोटी ओळखपत्रं करून दोन-दोन खिशांत ठेवायचे. आता मला सांगा, गडबडीत कुठला खिसा कुठला हे चुकलं तर?

नवा_गडी

आमच्याकडे विदर्भात तेव्हा बारा-चौदा तास लोडशेडिंग होतं. आम्ही कोणी ब्लॉग लिहून रडलो नाही. ह.घ्या. (हलकं घ्या.)

कुवेतरिटर्न

नव्या गड्या, ह. घेतलं. पण तुझ्या लोडशेडिंगला वेळापत्रक होतं आणि डीपीवर फ्यूज टाकायला जाणारा वायरमन परत यायचा.

वायरमन_बंडू

कोणी हाक मारली का? :)

पहिल्या प्रश्नाला उत्तर कोणीच दिलं नाही, नुसता काथ्याकूट चाललाय. तर ऐका.

तिकडेही आपल्यासारखंच २३० व्होल्ट. पाच अँपियर म्हणजे साधारण साडेअकराशे वॅट. जनरेटरचं व्होल्टेज पडलेलं असतं तेव्हा हजारच धरा. फ्रिज चालू असताना दीडशे-दोनशे, पण कॉम्प्रेसर उठताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट ओढतो. जुना डब्बा टीव्ही शंभर. दोन पंखे दीडशे. तीन ट्यूबा सव्वाशे. वाळ्याचा कूलर दोनशे. झाले की पावणेआठशे. उरलं ते फ्रिज उठेल तेव्हासाठी मोकळं ठेवायचं. इस्त्री हजार, ती बाद. गीझर दोन हजार, विचारायचंच नाही. दीड टनी एसी एकटाच सात-आठ अँपियर, म्हणजे बगदादच्या पन्नास डिग्रीत एसी भिंतीवर शोभेला. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लावायची तर बाकी सगळं बंद करून.

आता खरी मेख. असल्या जोडणीत ब्रेकर घरात नसतो, गल्लीत जनरेटरपाशी बोर्डावर असतो. लोड वाढला की तिथे पडतो. म्हणजे घरातल्या कोणी चुकून हीटर लावला तर कोणीतरी रस्त्यावर जाऊन ब्रेकर वर करायचा किंवा जनरेटरवाल्याला हाक मारायची. रात्री संचारबंदी असेल तर बसा सकाळपर्यंत अंधारात. शिवाय घरात चेंजओव्हर. वतनिया आली की खटका इकडे, गेली की तिकडे. दिवसातून दहा वेळा. घरात एक पोरगं त्याच कामावर नेमलेलं असणार, पैजेवर सांगतो.

डिझेलचं तर वेगळंच. तेलावर बसलेला देश, आणि पेट्रोलला किलोमीटरभर रांगा, सम-विषम नंबरप्लेट. रिफायनऱ्या धड नाहीत, बाहेरून पेट्रोल आणायचं. जनरेटरवाला डिझेल महागलं म्हणून अँपियरचा भाव वाढवणार. आमच्या धंद्यात अशा माणसाला काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

मुक्कामपोस्ट

बंडूशेठ, साष्टांग. मला हवं होतं ते हेच.

आता कळतं की रिव्हरबेंडच्या नोंदी अर्ध्यात का तुटतात. वीज आली की आधी मोटर, मग कपडे, मग कॉम्प्युटर. राज्यघटनेच्या मसुद्यावर तिने कलमवार लिहिलंय, ते या रांगेत तिसऱ्या नंबरवर बसून.

चिंगी_सातारकर

शेवटचं लिहून थांबते.

एप्रिल २००७ मध्ये बगदादच्या अदमिया या सुन्नी वस्तीभोवती काँक्रीटची भिंत घालायला घेतली, तेव्हा रिव्हरबेंडने लिहिलं की आम्ही निघायचं ठरवलंय. प्रत्यक्षात निघाले सप्टेंबरमध्ये, सीरियाला. बॅग मधल्या काळात भरून खोलीत पडलेली, आठवडेच्या आठवडे. इतकी ठासून भरलेली की चेन लावायला ती, भाऊ आणि शेजारचं सहा वर्षांचं पोर, तिघं लागले. ते पोर मागेच राहिलं.

ऑक्टोबर २००७ ला सीरियातून एक नोंद, मग साडेपाच वर्षं काही नाही. एप्रिल २०१३ मध्ये अचानक एक आली, दहा वर्षं झाली म्हणून. सीरियाही सोडावा लागला होता. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. मी अजून मधूनमधून जाऊन बघते.

मुक्कामपोस्ट

एक आगाऊपणा केला तो सांगतो. काल संध्याकाळी बंडूशेठचा हिशेब कागदावर काढून घरी जाहीर केलं की सात ते दहा आपण साडेअकराशे वॅटमध्ये राहायचं. युद्धाची बरोबरी नाही हे माहीत आहे, नव्या गड्याने हसू नये. फ्रिज, दोन पंखे, टीव्ही, दोन दिवे. सव्वासातपर्यंत उत्तम चाललं.

मग आईने चटणीसाठी मिक्सर लावला. मी धावत जाऊन टीव्ही आणि पंखे बंद केले. तेवढ्यात बाबांनी आतून गीझर चालू केला. मी म्हटलं, झालं, ब्रेकर पडला, आता कोणीतरी खाली रस्त्यावर जायचं.

आई म्हणाली, "जा मग."

मी चपला घालून खरंच खाली गेलो. गेटपाशी पाच मिनिटं उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, काय हवंय साहेब? म्हटलं, काही नाही.

@आंबोशी, कृती टाका. कैऱ्या आणल्यात.

आंबोशी

कैऱ्या साल न काढता उभ्या चिरा, मीठ चोळून पाच दिवस उन्हात. पुढचं रविवारी सांगते.